वेफर्स लाल का पडतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

होळी झाली की वाळवणाचे दिवस सुरू होतात आणि त्याबरोबर या सदराकडे एकाच तक्रारीचा ओघ लागतो. बटाटे महागाचे आणले, तेल नवे घेतले, तरी वेफर्स लालभडक होतात. यंदाही निम्म्याहून अधिक पत्रे याच गोष्टीची असल्याने त्याचे उत्तर सविस्तर देत आहे. इतर प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : तळण्यापूर्वी बटाट्याचे काप धुणे आवश्यक आहे का? (सांगली)

होय. पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत आणि सुती कापडावर पूर्ण कोरडे करूनच कढईत सोडावेत.

प्रश्न : बटाटे ताजे राहावेत म्हणून मी ते फ्रिजमध्ये ठेवते. तळल्यावर वेफर्स लाल होतात आणि कडवट लागतात. दुकानदार म्हणतो, ‘शुगर फ्री’ बटाटे घ्या. घरात सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यांनाही ते चालतील असे तो सांगतो. हे खरे आहे का? (नाशिक)

आपल्या पत्रात दोन गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत. बटाटा हा जमिनीतून काढल्यावरही जिवंत असलेला कंद आहे. त्याला 8 अंशांखालच्या थंडीत ठेवले, की तो आपल्यातल्या पिष्टाचे हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतो. या शर्करा आणि बटाट्यातलेच ॲस्परजिनसारखे अमिनो आम्ल 120 अंशांच्या वर एकत्र आले, की लाल-तपकिरी रंग आणि कडवट चव तयार होते. त्याच वाटेने ॲक्रिलामाइड नावाचे, शरीराला अपायकारक मानले जाणारे द्रव्यही निर्माण होते. ते अशा तळलेल्या, भाजलेल्या पदार्थांत असते, हे 2002 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून वेफर लाल दिसला की गृहिणी तेलाला दोष देते, तेलवाला गॅसच्या आचेला दोष देतो आणि खरा दोषी फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात शांत पडून असतो. शीतगृहातून थेट बाजारात आलेल्या बटाट्याचेही असेच होते, त्यामुळे ‘मी फ्रिजमध्ये ठेवलेच नव्हते’ हा बचाव पुरेसा ठरत नाही.

‘शुगर फ्री’ ही पाटी कशाबद्दल आहे, ते आता पाहा. तळणाच्या कारखान्यांसाठीचा बटाटा साधारण 10 ते 12 अंशांवर, कोंब फुटू नयेत म्हणून औषध देऊन साठवतात, त्यामुळे त्यात शर्करा कमी राहते. ही शर्करा एरवीही किरकोळच असते. 100 ग्रॅम बटाट्यात पिष्ट मात्र 15 ग्रॅमच्या आसपास असते, ते तसेच राहते आणि पचनानंतर त्याचे ग्लुकोजच होते. तळणीच्या रंगाविषयीची पाटी मधुमेही माणसाला पथ्याचा पदार्थ म्हणून दाखवणे ही निव्वळ फसवणूक आहे. या नावावर भुलून लोक डबाभर वेफर्स खातात आणि मग रक्तातील साखर का वाढली म्हणून आश्चर्य करतात, याचा मला मनस्वी राग येतो. सासऱ्यांनी बटाटा किती खावा, हे त्यांचे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतील. दुकानदाराला आणि मलाही तो अधिकार नाही.

तळणीपुरते विचाराल, तर बटाटे टोपलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावेत. फ्रिजमध्ये राहिलेले बटाटे दोन-तीन आठवडे बाहेर ठेवल्यास काही शर्करा परत पिष्टात जाते, पण सगळी नाही. पोते घेण्याआधी दोन बटाटे आणून चार काप तळून पाहावेत. बटाटा पिठूळ आहे का, हे पाहायचे असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात तो सोडावा. जो बुडतो त्यात कोरडा भाग जास्त असतो, तो तेल कमी पितो आणि कुरकुरीत होतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये ‘कुफरी चिपसोना’ या जाती याच कारणासाठी दिल्या. आपल्याकडे भाजीसाठी सर्रास मिळणाऱ्या बटाट्याकडून तितकी अपेक्षा धरू नये. आपल्या भागात कोणती जात मिळते, हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. आणि रंग सोनेरी होताच काप काढावेत, ‘अजून थोडा खमंग’ होण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : शेजारीण सांगते की तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवले की वेफर्स पांढरेशुभ्र होतात. बाजारात एक पांढरी करणारी पावडरही सुटी मिळते. (कोल्हापूर)

वाळवणाचे काप उकळत्या पाण्यातून काढताना चिमूटभर तुरटी घालतात, ती काप घट्ट राहावेत म्हणून. तिच्याने शर्करा जात नाही. चिरल्यावर काप काळे पडतात ते बटाट्यातल्या विकरामुळे, तळताना लाल होतात ते शर्करेमुळे; या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि शेजारणीने त्या एक केल्या आहेत. विकर गरम पाण्याने निकामी होते आणि त्याच पाण्यात थोडी शर्कराही उतरते. खाण्याचा सोडा मुळीच घालू नये, त्याने रंग उलट गडद होतो. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असल्यास तुरटीबाबत डॉक्टरांना विचारावे. नाव नसलेली सुटी पावडर आणूच नये. तिच्यात सल्फाइट (रंग उजळ ठेवणारे गंधकयुक्त रसायन) असल्यास दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो.

प्रश्न : तळणाचे तेल किती वेळा वापरावे? ‘कोलेस्टेरॉलविरहित’ तेल जास्त टिकते का? (पुणे)

कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते, त्यामुळे त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. व्यावसायिकांसाठी तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणाऱ्या खराब द्रव्यांची, मर्यादा 1 जुलै 2018 पासून 25 टक्के आहे. घरी ते मोजता येत नाही, म्हणून खुणा पाहाव्यात. तेल गडद आणि चिकट झाले, फेस धरू लागले किंवा लवकर धुरावू लागले, की ते टाकून द्यावे. जुन्यात नवे ओतल्याने जुने नवे होत नाही. घरात हृदयविकार असल्यास तळणाचे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

प्रश्न : दुकानातल्याप्रमाणे कढईत मिठाचे पाणी शिंपडले, तेल उडून मनगट भाजले. फोड आले. चार दिवस टूथपेस्ट लावत आहे. पुढे काय करू? (ठाणे)

हे पत्र टाकण्याऐवजी आपण त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे होते. आता आजच जावे. भाजल्याबरोबर तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा असतो. टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावायचे नसते आणि फोड फोडायचे नसतात. मीठ काप काढल्यावर, ते गरम असताना भुरभुरवावे. मिठाचे पाणी शिंपडण्याचा प्रयोग व्यावसायिकाच्या खोल कढईपुरताच ठेवावा.

प्रश्न : उपवासाला सैंधव घालते. रक्तदाबाला ते चालते ना? मैत्रीण कमी सोडियमचे मीठ सुचवते. (रत्नागिरी)

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना औषधांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय ते सुरू करू नये.

प्रश्न : हिरवट सालीचा बटाटा तळला की विष जाते का? (लातूर)

नाही. हिरवट बटाट्यातली विषारी द्रव्ये तळण्याच्या उष्णतेतही बरीचशी टिकतात. असा बटाटा टाकून द्यावा.

प्रश्न : वेफर्स दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. (पणजी)

गरम असताना डब्यात भरता.