प्रश्न तुमचे: आधी बास ऐका

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पोस्ट-पंक (पंक रॉकपाठोपाठ आलेला प्रवाह) आणि अल्टरनेटिव्ह रॉकच्या अल्बमांवरचे प्रश्न इतके होते की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलले. उत्तरांत आवडीनिवडी आहेत आणि त्या लपवलेल्या नाहीत.

प्रश्न : जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ सगळे डोक्यावर घेतात. मी तीनदा ऐकला. ड्रम पेटीत कोंडल्यासारखे वाटतात, गिटार लांब कुठेतरी आहे आणि गायक एकाच सुरात गातो. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुम्हाला जे ऐकू आलं ते तसंच आहे. फक्त तो दोष नसून मुद्दाम केलेली मांडणी आहे. हा अल्बम १९७९च्या एप्रिलमध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि जूनमध्ये बाजारात आला. प्रोड्यूसर मार्टिन हॅनेट. ड्रमचा एक भाग वाजताना दुसऱ्याचा आवाज त्याच्या माइकमध्ये मिसळू नये, यासाठी तो हटून बसत असे. आवाज असे सुटे केले की प्रत्येकाला वेगळा घुमारा देता येतो. त्यासाठी त्याने तेव्हा नवा असलेला एएमएस कंपनीचा डिजिटल डिले (आवाज किंचित उशिरा परत ऐकवणारं यंत्र) वापरला. म्हणून स्नेअर (कडक ठोक्याचा ड्रम) एका खोलीत, बास (खालच्या सुरांची गिटार) दुसऱ्या खोलीत आणि गायक जिन्याच्या टोकाला असं वाटतं. बँडमधल्या बासवादक पीटर हुक आणि गिटारवादक बर्नार्ड समनर यांनाही हा परिणाम तेव्हा रुचला नव्हता. मंचावर ते याहून कितीतरी कर्कश आणि दणकट वाजवत. तेव्हा तुमची तक्रार एकट्याची नाही.

ऐकण्याची पद्धत मात्र बदलून बघा. रॉक ऐकणारा कान सवयीने गिटार आणि गाणं पकडतो. इथे चाल बासकडे आहे. हुक पिकने (तारा छेडायच्या चकतीने) आणि बासच्या गळ्याच्या वरच्या पट्ट्यांवर वाजवतो. त्याचं कारण तो स्वतःच सांगत आला आहे: समनरच्या गिटारच्या दणक्यात त्याच्या अॅम्पमधून खालचे सूर ऐकूच येत नसत, म्हणून तो वर सरकला. पहिल्या फेरीत ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ लावा आणि फक्त बासची ओळ गुणगुणता येईपर्यंत ऐका. दुसऱ्या फेरीत ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये काय उरतं तिकडे लक्ष द्या. ‘इनसाइट’च्या सुरुवातीला स्टुडिओच्या जुन्या लिफ्टचा आवाज आहे, ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काच फुटते. गायक शेवटी ऐका. इअन कर्टिसचा आवाज सपाट नाही. तो खर्जाकडे झुकलेला आहे आणि चढतो तेव्हा फार थोडा चढतो, पण त्या चढण्याला वजन असतं. ‘न्यू डॉन फेड्स’च्या शेवटाकडे ते कळतं.

आणि पाचव्या गाण्यानंतर थांबा. एलपीची पहिली बाजू तिथे संपते. दहाही गाणी सलग लावली तर सहाव्याची सुरुवात थकलेल्या कानावर पडते.

जॉय डिव्हिजनच्या दोन अल्बमांतला आमचा कौल विचाराल तर १९८०चा ‘क्लोजर’. ‘अननोन प्लेझर्स’मध्ये हॅनेटचं काम वरून दिसतं, ‘क्लोजर’च्या शेवटच्या दोन गाण्यांत ते दिसेनासं होतं, सिंथेसायझर आणि ड्रम मिळून एकच संथ गती उरते. मात्र पहिल्या गाण्यावरून मत बनवू नका. ‘अॅट्रॉसिटी एक्झिबिशन’मध्ये हुकच्या हातात गिटार आणि समनरच्या हातात बास आहे, म्हणून ते मुद्दाम खडबडीत वाटतं. बाकी अल्बम तसा नाही.

प्रश्न : ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ या दोन्ही अल्बमांवर सापडत नाही. माझ्याकडची प्रत अपुरी आहे का?

उत्तर : नाही. ते सुटं सिंगल म्हणून आलं. ‘ट्रान्समिशन’ आणि ‘अॅटमॉस्फिअर’ही तशीच. या बँडची निम्मी थोरवी सिंगलांत आहे. ती एकत्र हवी असतील तर १९८८चा ‘सबस्टन्स’ हा संग्रह घ्या. त्याच नावाचा न्यू ऑर्डरचाही संग्रह आहे. वरचं नाव बघूनच उचला.

प्रश्न : पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ फोनवर ऐकला. एक माणूस ओरडतोय, मागे पत्रा खरवडतोय, बाकी काही नाही. लोक बासचं कौतुक करतात. कुठे आहे बास?

उत्तर : बास फोनच्या बाहेर राहिला. चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. फोनचा स्पीकर २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली झपाट्याने क्षीण होत जातो. तरीही हुकचा बास फोनवर बऱ्यापैकी ऐकू येतो, कारण तो वरच्या पट्ट्यांवर आहे आणि पिकमुळे त्यात उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) भरपूर आहेत. मूळ सूर गळला तरी उपस्वरांवरून कान तो जुळवून घेतो. ‘मेटल बॉक्स’वरचा बासवादक जा वॉबल याचा बास याच्या नेमका उलट आहे. डब रेगेच्या (रेगेच्या बास पुढे आणणाऱ्या प्रकाराच्या) वळणाचा, बोटांनी वाजवलेला, वरची धार काढून टाकलेला. त्यात उपस्वरच थोडे, त्यामुळे कानाला जुळवायला काही उरत नाही आणि अर्धा अल्बम गायब होतो.

नोव्हेंबर १९७९मध्ये हा अल्बम बाहेर आला तो पत्र्याच्या गोल डब्यात, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या तीन बारा इंची तबकड्यांवर. डबा ही गंमत होती, पण तीन तबकड्यांना तांत्रिक कारणही आहे. खालचे सूर जोरात कोरले की खाच आडवी पसरते आणि जागा खाते. साधारण तासाभराचं संगीत सहा बाजूंवर वाटल्यामुळे एका बाजूला दहाएक मिनिटंच आली; खाचांना ऐसपैस जागा मिळाली आणि वाढलेल्या गतीचा फायदा वरच्या सुरांनाही झाला. १९८०मध्ये हेच साहित्य ‘सेकंड एडिशन’ नावाने नेहमीच्या दोन एलपींवर आलं. संगीत तेच, दणका कमी.

ऐकायचं कसं? कान पूर्ण झाकणारे तारेचे हेडफोन पुरेत. कानात घालायचे असतील तर रबरी टोपी नीट घट्ट बसली पाहिजे; फट राहिली की सर्वांत आधी बास निसटतो. इक्वलायझरला हात लावू नका. आवाज एवढाच ठेवा की जॉन लायडनचं गाणं त्रासदायक होणार नाही. सुरुवात ‘पॉपटोन्स’पासून करा, कीथ लेव्हिनची गोल फिरणारी गिटार आणि बास यांची जोडी तिथे सर्वांत स्पष्ट आहे. पहिलं ‘अल्बॅट्रॉस’ दहा मिनिटांहून लांब आहे. ते शेवटी ठेवलंत तरी चालेल.

जुना डबा घ्यायचा योग आलाच तर आधी तबकड्या प्रकाशात तिरक्या धरून पाहा. त्या आत इतक्या घट्ट बसतात की काढताना ओरखडे पडतात. गंज दिसतो आणि सोसता येतो, ओरखडे मात्र ऐकू येतात.

प्रश्न : वायर या बँडच्या ‘पिंक फ्लॅग’मधली गाणी सुरू होण्याआधीच संपतात. शिवाय एकात एक घुसतात. हे असंच आहे?

उत्तर : संपतात हे खरं, घुसत नाहीत. २१ गाणी आणि सुमारे ३५ मिनिटं. ‘फील्ड डे फॉर द सन्डेज’ तर अर्धं मिनिटही नाही. तुमच्या प्लेअरमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणं) चालू असणार. पाच सेकंदांचा क्रॉसफेड अशा गाण्याची दोन्ही टोकं मिळून एक तृतीयांश भाग झाकून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन तो शून्य करा, गॅपलेस (गाण्यांमध्ये जादा फट न सोडणं) चालू ठेवा, शफल बंद.

वायरचे पहिले तीन अल्बम, १९७७, ७८ आणि ७९चे, क्रमानेच ऐका. एखादा बँड तीन वर्षांत इतका बदललेला क्वचित सापडेल. ‘पिंक फ्लॅग’ हुशार आहे, ‘१५४’ भव्य आहे आणि कधीकधी जड होतो. मधला ‘चेअर्स मिसिंग’ सर्वांत चांगला. त्याच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं जातं, हे आम्हाला कधी समजलेलं नाही.

प्रश्न : गँग ऑफ फोरच्या ‘एंटरटेनमेंट!’सारखी गिटार वाजवायची आहे. ओव्हरड्राइव्ह, रिव्हर्ब, कोरस सगळं लावून पाहिलं. जमत नाही.

उत्तर : लावलेलं सगळं काढा. त्यांचा गिटारवादक अँडी गिल याचा आवाज कोरडा आहे. घुमारा नाही, लांबण नाही. व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरचा अॅम्प घ्या, कारण व्हॉल्व्ह जोरात वाजवलं की कडा गोल करतो आणि इथे कडाच हवी. पिकअप ब्रिजकडचा. ट्रेबल पाऊणपर्यंत, बास पावभर, गेन इतका कमी की जोरात झटका मारल्यावरच जरा तडकेल.

खरं काम डाव्या हाताचं आहे. सूर धरा, मारा आणि लगेच बोटं सैल करून तारा दाबून टाका. उजवा हात प्रत्येक मात्रेत चार झटके या हिशेबाने सतत हलता ठेवा, पण त्यांतले बहुतेक झटके मुके जाऊ द्या. सगळ्यांची हमखास चूक म्हणजे रिकाम्या जागा भरणं. तिथे बास आणि ड्रम बोलत असतात. गिटार मध्ये आली की फंक जातो आणि नुसता गोंगाट उरतो. आधी एकट्या ड्रमच्या लूपवर सराव करा. दोन मात्रा गप्प बसणं अस्वस्थ करत असेल तर दिशा बरोबर आहे.

प्रश्न : माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या ‘लव्हलेस’मध्ये शब्द ऐकू येत नाहीत. रीमास्टर (मूळ मुद्रणावरून नव्याने तयार केलेली प्रत) घेतल्यावर सुधारेल का?

उत्तर : नाही, आणि सुधारू नये. १९९१च्या या अल्बमात बिलिंडा बुचर आणि केव्हिन शील्ड्स यांचे आवाज गिटारच्या पातळीवर किंवा तिच्याखाली ठेवले आहेत. एकाच ओळीची अनेक गायनं एकावर एक चढवल्याने व्यंजनांची धारही गेली आहे. गिटारचा तो डुलणारा सूर म्हणजे इफेक्ट पेडलांची रांग असं समजलं जातं. मुख्य भाग हातात आहे: शील्ड्स ट्रेमोलोचा दांडा (तारांचा ताण कमीजास्त करणारा, गिटारवरचा) मुठीत धरूनच झंकारतो, त्यामुळे प्रत्येक झटक्यागणिक सूर किंचित खालीवर होतो. त्यावर उलटा रिव्हर्ब, म्हणजे उलटा फिरवलेला घुमारा.

प्रतीच्या बाबतीत एक गोष्ट तपासा. १२८ केबीपीएसची एमपी३ असेल तर ती टाका. इतका दाट आवाज कमी बिटरेटमध्ये पाण्यातून आल्यासारखा होतो आणि झांजा सळसळतात. विरळ संगीतात ती खोट तेवढी येत नाही. मग शेवटचं ‘सून’ आधी लावा. त्यात ठेका स्पष्ट आहे, कानाला पाय टेकायला जागा मिळते. आवाज मध्यम असू द्या. हा अल्बम कानठळ्या बसेपर्यंत वाढवायचा असतो ही समजूत कानांना महाग पडते.

प्रश्न : टेलिव्हिजनच्या ‘मार्की मून’ या गाण्याच्या दोन लांबी दिसतात. खरी कोणती?

उत्तर : १९७७च्या एलपीवर ते दहा मिनिटांच्या आत हळूहळू मिटवलेलं आहे, नंतरच्या सीडीवर साडेदहा मिनिटांहून लांब, पूर्ण शेवटासह आहे. लांब घ्या. आणि फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू नाही ना हे पाहा. दोन गिटार दोन बाजूंना आहेत, त्या एकत्र झाल्या तर गाण्याचा अर्धा खेळ जातो.

प्रश्न : एकाच अल्बमच्या जुन्या आणि रीमास्टर प्रतींत निवड कशी करावी?

उत्तर : आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय तुलनाच करू नका. एखाद-दोन डेसिबलने मोठी प्रत कानाला ‘चांगली’ वाटते, मग ती असो वा नसो. दोन्हींतली गाण्याची तीच ओळ लावून मोठ्या प्रतीचा आवाज गायकाची पातळी जुळेपर्यंत खाली आणा. आता स्नेअरचा ठोका ऐका. रीमास्टरमध्ये तो मागे सरकला, गायकाच्या रांगेत आला, तर कॉम्प्रेशन (मोठे आणि लहान आवाज एका पातळीकडे आणणं) जास्त झालं आहे. पोस्ट-पंकमध्ये हे विशेष खटकतं, कारण ठोक्यामागचा विरत जाणारा घुमारा वर उचलला जातो आणि रिकामी जागा बुजते. बास नीट आला असेल आणि ठोका जागेवर असेल तर रीमास्टर बिनधास्त ठेवा.

प्रश्न : स्लिंटचा ‘स्पायडरलँड’ ऐकताना सारखा आवाज कमीजास्त करावा लागतो.

उत्तर : शेवटच्या ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’चं शेवटचं मिनिट आधी लावा आणि सोसवेल इतका आवाज ठरवा. मग अल्बम पहिल्यापासून सुरू करा आणि बटणाला हात लावू नका. पुटपुटलेले शब्द पुसट येतील. १९९१मधल्या या सहा गाण्यांची सगळी भीती त्या फरकातच आहे. प्लेअरमधलं नॉर्मलायझेशन (आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं सेटिंग) ‘अल्बम’वर ठेवा किंवा बंद करा. खोली शांत हवी. प्रवासात हा अल्बम वाया जातो.

प्रश्न : द फॉलचे बरेच अल्बम ऐकले. मार्क ई. स्मिथ गातच नाही. सोडून देऊ?

उत्तर : एक संधी द्या, १९८२चा ‘हेक्स एंडक्शन अवर’. दोन ड्रमर आहेत. पहिल्या ‘द क्लासिकल’मध्ये आवाजाकडे दुर्लक्ष करून त्या दोघांवर लक्ष ठेवा, मग ‘हिप प्रीस्ट’. एलपीवर ऐकणार असाल तर अॅम्प जरा वाढवावा लागेल. तासाभराचं संगीत एकाच तबकडीत बसवायचं तर खाचा उथळ कोराव्या लागतात. तरीही नाही जमलं तर १९८५चा ‘धिस नेशन्स सेव्हिंग ग्रेस’, तो सोपा आहे. त्यानंतरही कंटाळा आला तर खुशाल सोडा आणि तो वेळ द स्लिट्सच्या ‘कट’ला द्या: १९७९, प्रोड्यूसर डेनिस बोव्हेल, सारं काही सुमारे अर्ध्या तासात. आमच्या मते तो ‘हेक्स’पेक्षा जास्त वेळा ऐकला जाणारा अल्बम आहे. यावर फॉलप्रेमींची रागाची पत्रं येतील, यावीत.