'फ्लो कंट्रोल'ला 'प्रवाह नियंत्रण' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: संगणकाला आयएसडीएन या डिजिटल फोन लाइनशी जोडणाऱ्या टर्मिनल अ‍ॅडॉप्टरची हस्तपुस्तिका कामगारांसाठी मराठीत करताना 'फ्लो कंट्रोल'साठी 'प्रवाह नियंत्रण' आणि 'सर्व्हिस मेसेज'साठी 'सेवा संदेश' चालेल का?

माझं मत, दोन्ही टाळा.

'प्रवाह' हा शब्द विजेच्या कामात आधीच गुंतलेला आहे. वायरमनच्या हातात पुस्तिका पडली आणि त्यात 'प्रवाह नियंत्रण' दिसलं की तो अँपिअरचाच विचार करणार. शिवाय 'नियंत्रण' म्हटलं की नळाची चावी कमी-जास्त करणं डोळ्यापुढे येतं. इथे तसं काही नाही. संगणक अ‍ॅडॉप्टरला सेकंदाला १,१५,२०० बिट देत असतो आणि पुढे आयएसडीएनची एक वाहिनी ६४,००० बिटच नेते. मधली साठवण भरत आली की अ‍ॅडॉप्टर म्हणतो, थांब. जागा झाली की म्हणतो, सोड. वेग तोच राहतो, फक्त मध्ये उसंत मिळते.

शेतात दारं धरणारा माणूस आठवा. वाफा भरत आला आणि पुढचा अजून तयार नाही, की तो मोटरीपाशी असलेल्याला हाळी देतो, "बंद कर!" थोड्या वेळाने, "सोड!" पाणी किती, कधी हे घेणारा ठरवतो, पाठवणारा नाही. म्हणून मी 'ओघ थोपवणे' सुचवेन. शीर्षकात 'फ्लो कंट्रोल' तसंच ठेवा, ते कामगारांच्या तोंडी आहे. पण वाक्यात क्रियापद वापरा: "अ‍ॅडॉप्टर ओघ थोपवतो", "ओघ सोडतो". मराठीला अशा ठिकाणी नामापेक्षा क्रियापद जास्त मानवतं.

याचे दोन प्रकारही त्यातूनच समजावता येतात. एक्सऑफ ('थांब') आणि एक्सऑन ('सोड') ही आस्की या अक्षरांच्या संकेतसंचातली १९ आणि १७ क्रमांकाची चिन्हं, कळफलकावर कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू. ही हाळी माहितीच्याच तारेवरून जाते. म्हणून फाइलमध्येच कुठे १९ हा बाइट असला तर तीही हाळी समजली जाते आणि काम अडतं. आजही लिनक्सच्या टर्मिनलवर चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं की पडदा गोठतो आणि माणसाला वाटतं यंत्र बंद पडलं; कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं सुरू. दुसरा प्रकार आरटीएस-सीटीएस, म्हणजे 'रिक्वेस्ट टू सेंड' आणि 'क्लिअर टू सेंड'. त्यात थांबण्याच्या खुणेला वेगळी तार असते, पंचवीस पिनांच्या जोडणीत चौथी आणि पाचवी. पुस्तिकेत एक वाक्य ठळक छापा: दोन्ही टोकांना एकच प्रकार निवडा. एकाने हाळी द्यायची आणि दुसऱ्याने तारेकडे बघत बसायचं असं झालं, तर ओळीच्या मधली अक्षरं गळतात. मोडेम म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणारं यंत्र; त्याला 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा देतात. अनेक मोडेमवर एटी&के३ म्हणजे तारेचा प्रकार आणि एटी&के४ म्हणजे हाळीचा, पण हे आकडे सगळीकडे सारखे नसतात; तुमच्या यंत्राचा तक्ता पाहूनच छापा.

आता 'सेवा संदेश'. हा शब्द मोबाइल कंपन्यांनी वापरून गुळगुळीत केला आहे. मूळ गोष्ट वेगळी: पलीकडच्या टोकाचं बोलणं नव्हे, अ‍ॅडॉप्टर स्वतःहून जे कळवतो ते. एक्स.२८ या दूरसंचार मानकात पॅड नावाचं यंत्र (टर्मिनलला पॅकेटच्या जाळ्याशी जोडणारं) टर्मिनलला असंच कळवतं, आणि ते कळवायचं की नाही हे एक्स.३ या जोडीच्या मानकातल्या सहाव्या पॅरामीटरने ठरतं. मोडेमचं 'ओके', 'कनेक्ट' याच जातीचं. यासाठी आपल्याकडे 'वर्दी' हा नेमका शब्द आहे. अग्निशमन दलाला वर्दी मिळते, ती जिथे घडतंय तिथून. 'सूचना' नको, कारण आपण यंत्राला देतो त्यालाही सूचनाच म्हणतात.

मग वाक्यं सरळ होतात. एटीक्यू१: वर्दी बंद. एटीव्ही०: वर्दी आकड्यांत, म्हणजे 'ओके'ऐवजी ० आणि 'कनेक्ट'ऐवजी १. एटीव्ही१: वर्दी शब्दांत. सोबत हेही सांगा की वर्दी बंद केली तर 'ओके'ची वाट पाहणारं सॉफ्टवेअर ताटकळत राहतं.

वर्दीचे शब्द मात्र भाषांतरित करू नका. पडद्यावर 'नो कॅरिअर' येतं, तेच पुस्तिकेत सापडलं पाहिजे. 'वाहक नाही' लिहिलंत तर एसटीतला माणूस कंडक्टर शोधेल. शेजारी अर्थ द्या: "जोडणी झाली नाही, किंवा झालेली तुटली."