प्रवेशाचे प्रश्न: ‘एसएटी १५४० आहे, मग माझी शक्यता किती?’

प्रश्न : मी सांगलीत राज्य मंडळाच्या १२वी विज्ञानला आहे. १०वीला ९८.४ टक्के, ११वीत वर्गात पहिला, एसएटी (अमेरिकी कॉलेजांची प्रवेशपरीक्षा) १६०० पैकी १५४० (गणितात पूर्ण ८००). गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, दोनदा पार केली, पण दुसरीच्या, म्हणजे आरएमओच्या, पुढे गेलो नाही. एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड, प्रिन्स्टन धरून आठ ठिकाणी अर्ज करणार आहे. घरून वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त शक्य नाही. माझी शक्यता किती?

उत्तर : आधी गुणांचं पाहू. एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे एसएटी गणिताचे गुण ७८० ते ८०० असतात, इंग्रजीचे साधारण ७४० ते ७८०. तू दोन्हीकडे बसतोस, म्हणून परीक्षा पुन्हा देण्यात वेळ घालवू नकोस. पण नाकारल्या गेलेल्यांतही असे गुणवाले हजारोंनी असतात. गुणांमुळे तुझा अर्ज पुढे वाचला जाईल, एवढंच.

२०२४ साली एमआयटीकडे २८ हजारांवर अर्ज आले आणि प्रवेश मिळाला सुमारे साडेचार टक्क्यांना. परदेशी अर्जदारांसाठी हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं, कारण सगळ्या जगासाठी मिळून जागा साधारण दीडशे. आणि आठ अर्ज म्हणजे लॉटरीची आठ तिकिटं नव्हेत. चार टक्के गुणिले आठ, हा हिशोब इथे चालत नाही. जो कच्चा दुवा एका ठिकाणी दिसेल तोच उरलेल्या सात ठिकाणीही दिसेल.

तुझा कच्चा दुवा गणितात नाही, पैशात आहे. वर्षाचा एकूण खर्च ८५ ते ९५ हजार डॉलर. तुझे पाच लाख म्हणजे त्यातले जेमतेम सहा हजार. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन आणि आता ब्राउन इथे परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली म्हणून त्याचा अर्ज मागे पडत नाही. स्टॅनफर्डला मात्र ते बघितलं जातं. म्हणून काही जण ‘आधी प्रवेश तर मिळू दे’ म्हणत मदतीच्या रकान्यात ‘नको’ लिहितात. ही चूक करू नकोस. स्टॅनफर्डमध्ये अर्ज करताना मदत मागितली नाही, तर परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं मागता येत नाही.

यादी बदल. मदतीकडे न बघता निवड करणारी चार ठेव. विल्यम्स, स्वार्थमोर, वेस्लियन यांसारखी, निवडताना खर्च बघणारी पण घेतल्यावर पूर्ण गरज भागवणारी तीन-चार घाल. नावं आपल्याकडे कुणाला माहीत नसतात, पाहुणे ‘हे कुठलं कॉलेज?’ विचारतील. विचारू देत. आणि खात्रीची जागा अमेरिकेत शोधू नकोस. पाच लाखांत ती नाही. ती इथेच आहे: गणितासाठी चेन्नईची सीएमआय, सांख्यिकीसाठी आयएसआय, विज्ञानासाठी आयसर, आणि जेईईतून आयआयटी. या अर्जांच्या तारखा चुकवल्यास, तर मार्चअखेर तिकडून नकार आल्यावर हातात काहीच राहणार नाही.

आता जिथे खरंच सुधारणा करता येईल ते. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बहुतेक कॉलेजांसाठीच्या एकाच सामाईक अर्जात, उपक्रमांसाठी दहा जागा आहेत. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. (एमआयटीचा अर्ज वेगळा, तिथे चारच उपक्रम मागतात.) तू पाठवलेल्या मसुद्यात आहे: ‘गणित मंडळाचा अध्यक्ष म्हणून विविध उपक्रम यशस्वीपणे राबवले.’ यातून वाचणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही. सोबतच्या चिठ्ठीत मात्र तू सहज लिहिलं आहेस की दर रविवारी आठवी-नववीच्या १४ मुलांना आयओक्यूएम शिकवतोस आणि प्रश्न मराठीत आणून देतोस. तेच लिही: ‘दर रविवारी ३ तास १४ मुलांना आयओक्यूएम शिकवतो, ६० प्रश्न मराठीत आणले.’ पद वेगळ्या रकान्यात जातं, त्यावर ही अक्षरं खर्चू नकोस. दहा जागा भरल्याच पाहिजेत असंही नाही. सहा भरीव असतील तर उरलेल्या चारांत ‘निबंध स्पर्धा, सहभाग’ असली भर नको.

यंदा आरएमओतून निवड झाली तर पुढची राष्ट्रीय फेरी, आयएनएमओ, जानेवारीत असते, म्हणजे अर्ज गेल्यानंतर. निकाल लागला की कॉलेजच्या पोर्टलवरून चार ओळींत कळव. तुझ्या अर्जाला वजन देणारी याहून मोठी गोष्ट आता उरलेली नाही. त्याच कारणाने १ नोव्हेंबरच्या लवकरच्या फेरीची घाई करू नकोस.

प्रश्न : आमची तीन एकर बागायत आहे, चार भावांच्या सामाईक नावावर. आम्ही प्राप्तिकर विवरण भरत नाही. मुलाच्या मदतीच्या अर्जात जमीन दाखवली तर मदत कमी होईल का? न दाखवली तर? (एक पालक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : न दाखवण्याचा विचार सोडा. माहिती खोटी निघाली तर मिळालेला प्रवेशही जातो.

बहुतेक कॉलेजं यासाठी सीएसएस प्रोफाइल हा अर्ज भरून घेतात. त्यात शेतजमिनीची किंमत विचारतात, आणि घोळ तिथेच होतो. रस्त्यालगतची तीन एकर रेडी रेकनरच्या दराने धरली की कागदावर तुम्ही कोट्यधीश होता. पण जमीन चौघांची आहे. १२० गुंठ्यांतले ३० गुंठे तुमचे. किंमत तेवढ्याचीच लिहा. आठ-अ आणि सात-बारा इंग्रजी भाषांतरासह जोडा. सामाईक खातं म्हणजे काय, इतर भावांच्या संमतीशिवाय ते विकता का येत नाही, हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात पाच-सहा वाक्यांत सांगा. तिकडे बसलेल्या माणसाला गुंठा माहीत नाही. ४० गुंठ्यांचा एक एकर, हेही लिहा.

उत्पन्नासाठी गेल्या तीन हंगामांची कारखान्याची ऊसबिलं, बँकेचं पासबुक आणि पीककर्जाचा उतारा. बियाणं, खत, पाणीपट्टी, तोडणी हा खर्च वेगळा दाखवा. विवरण भरत नसल्याबद्दल स्वतःच्या सहीचं साधं पत्र द्या.

एक सावधगिरी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी काढलेला असेल, तर त्यावर बहुधा अगदी तोकडा आकडा असतो. तो दाखला आणि चार-पाच लाखांची ऊसबिलं एकाच पाकिटात गेली, की तपासणाऱ्याला दोन्हींवर शंका येते. कागद पाठवण्याआधी आकडे एकमेकांशी ताडून बघा.

प्रश्न : मुलीचं नाव एका ज्युनिअर कॉलेजात आहे, पण शिकते क्लासमध्ये. कॉलेजच्या प्राध्यापकांना ती माहीतही नाही. शिफारसपत्र कोणाचं घ्यावं? (नागपूर)

उत्तर : ‘इंटिग्रेटेड’ची ही किंमत आहे, आणि ती १२वीत कळते. एमआयटी दोन पत्रं मागते: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, एक भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. रोज शिकवणारे सर क्लासचे असले तरी पहिलं त्यांचंच घ्या. दुसऱ्यासाठी कॉलेजच्या इंग्रजी किंवा मराठीच्या बाईंकडे मुलीने निदान दोन महिने नियमित बसावं. नाव न ओळखणाऱ्या प्राचार्यांचं गुळगुळीत पत्र अगदी लगेच ओळखू येतं.

शिक्षकांना सहा आठवडे आधी सांगा. सोबत एक पान द्या, त्यावर त्यांच्याच वर्गातले दोन-तीन प्रसंग: कुठला प्रश्न अडला, तो कसा सुटला. पत्र मात्र त्यांनीच लिहावं. मुलीने लिहून सही घेतली, तर निबंधातली भाषा आणि पत्रातली भाषा सारखीच निघते.

समुपदेशकाचा अहवाल प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरतात. तो कॉलेजच्या ईमेलवरून जावा, जीमेलवरून गेला तर पडताळणीत अडकू शकतो. नववी-दहावीचे गुण जुन्या शाळेतून शिक्क्यानिशी आणावे लागतात, ते दिवाळीच्या सुटीआधी आणा. टक्क्यांवरून जीपीए (अमेरिकी पद्धतीची गुणांची सरासरी) स्वतः काढू नका. तो रकाना रिकामा ठेवायचा असतो.

प्रश्न : आधी आयआयटीत प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी अमेरिकेत अर्ज केला तर?

उत्तर : पदवीसाठी नाव नोंदवलंत की तिकडे तुम्ही बहुतेक ठिकाणी ‘ट्रान्सफर’ अर्जदार ठरता, आणि ती वाट आणखी अरुंद आहे. हार्वर्ड दरवर्षी असे जेमतेम डझनभर घेतं. पुन्हा पहिल्या वर्षासाठीच अर्ज करायचा असेल, तर कुठेही पदवीला नाव न घालता एक वर्ष थांबावं लागेल. आयआयटीची मिळालेली जागा त्यासाठी सोडायची का, हे ठरवण्याआधी या वर्षात तुमच्या अर्जात नवीन काय येणार आहे ते कागदावर लिहून काढा. कागदावर फक्त ‘एसएटी पुन्हा’ एवढंच उतरलं, तर आयआयटीची फी भरा.