रीफ टँकमध्ये (कोरल, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) रोज बफर (पीएच चढवायची भुकटी) घालूनही पहाटे पीएच ७.८ वर येतो, कॅल्शियमही घटतंय. काय करू?

बफर आजपासून बंद करा. बाकीचं सगळं सावकाश करायचं आहे, हे एक मात्र लगेच.

तुम्ही दिलेली माहिती अशी: टाकी १८० लिटरची, पीएच दिवसा ८.१ आणि पहाटे ७.८, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, मुख्यतः त्यातल्या कार्बोनेटमुळे) १२ डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम ३६० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. हीटरवर पांढरा थर, वाळूचे घट्ट गोळे, ॲक्रोपोराची (फांद्यांसारखं वाढणारं कोरल) टोकं पांढरी. ही पाच-सहा वेगवेगळी दुखणी वाटतात, पण माझ्या मते बहुतेकांचं मूळ रोजच्या बफरमध्येच आहे.

टाकीचा पीएच मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: पाण्यातली अल्कलिनिटी आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. रात्री दिवे बंद झाले की शेवाळाचं आणि कोरलमधल्या सूक्ष्म शैवालाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र चालूच राहतं. कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. यात बिघाड काहीच नाही. रात्री ७.८ आणि दिवसा ८.३ या दरम्यान झुलणाऱ्या टाक्यांमध्ये कोरल उत्तम वाढतात. आता बफरचं गणित बघा. कार्बन डायऑक्साइड तेवढाच ठेवून पीएच ०.३ ने चढवायचा तर अल्कलिनिटी जवळजवळ दुप्पट करावी लागते. म्हणजे अल्कलिनिटी आधी ८ होती असं धरलं, तर ती १२ वर नेऊन तुमच्या पदरात पडले फार तर ०.२. त्यासाठी मोजलेली किंमत हीटरवर दिसतेच आहे.

अल्कलिनिटी इतकी वर गेली की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन कोरलच्या सांगाड्याऐवजी गरम हीटरवर, पंपाच्या पात्यांवर आणि वाळूच्या कणांवर बसायला लागतात. तुमचं कॅल्शियम बरंचसं तिथे गेलंय. शिवाय असा साका बसताना पीएच थोडा खालीच येतो. तो खाली आला म्हणून तुम्ही पुन्हा बफर घालता आणि तेच चक्र परत सुरू होतं.

कुठल्याही रसायनाला हात लावण्याआधी खारटपणा तपासा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) प्रमाणित द्रावणावर तो जुळवून घ्या. समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी, २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६. त्यात कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास आणि अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच. तुमचा खारटपणा प्रत्यक्षात ३२ असेल, तर कॅल्शियम आपोआपच ३८५ च्या घरात दिसेल आणि तुम्ही नसलेल्या रोगावर औषध देत बसाल. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की वरून आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरचं) शुद्ध पाणीच घाला, खारं नको. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी जातं.

मग मॅग्नेशियम मोजा. ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि नेमकं तेच इथे महत्त्वाचं असू शकतं. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक पाण्यात तयार होऊ लागले की मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागावर बसून त्यांची वाढ रोखतं. ते १२०० च्या खाली असेल तर आधी ते हळूहळू १३०० पर्यंत आणा. तोवर कॅल्शियम वाढवायला जाऊ नका, घातलेलं पुन्हा हीटरवरच जाऊन बसेल.

१२ वरून अल्कलिनिटी खाली आणायला काहीही घालायचं नाही. ॲसिड तर नाहीच नाही. कोरल ती रोज वापरतातच, शिवाय ८ च्या आसपास अल्कलिनिटी देणारं, टाकीसाठीचं समुद्री मीठ वापरून आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदला. दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. आकडा ७ आहे की ९, याचं कोरलना फारसं पडलेलं नसतं. तो एका जागी टिकला पाहिजे. ही गोष्ट मी अगदी ठामपणे सांगतो, कारण रीफमध्ये आकड्यांच्या पाठीमागे धावताना सगळ्यात जास्त कोरल जातात ते या चढउतारातच.

अल्कलिनिटीचा आकडा ८.५ च्या आसपास आला की तीन दिवस काहीही न घालता, रोज त्याच वेळी अल्कलिनिटी मोजा. वेळ महत्त्वाची, कारण दिवसा कोरल ती रात्रीपेक्षा जास्त वापरतात. समजा, रोज ०.५ डीकेएच उतरते. दगड आणि वाळू वजा जाता तुमच्याकडे खरं पाणी १५० लिटरच्या आसपास असेल. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे तुम्हाला रोज सव्वादोन ग्रॅम. कोरल सांगाडा बांधताना २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम वापरतात, तेव्हा त्याच्या जोडीला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत शुद्ध पाण्यात विरघळवा आणि जोरदार प्रवाहाच्या ठिकाणी, मध्ये किमान अर्धा तास ठेवून घाला. दोन्ही एकाच वेळी घातलंत तर तिथल्या तिथे पांढरा ढग उठतो. डोसिंग पंप (ठरलेल्या वेळी मोजून द्रावण सोडणारा) असेल तर हाच डोस दिवसभरात विभागून द्या.

हे प्रमाण बघितलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. तेवढ्याच वाढीला कॅल्शियम ४२० वरून ४०० वर येतं, अल्कलिनिटी मात्र ८.५ वरून ५.७ वर. म्हणून रोजची नजर अल्कलिनिटीवर ठेवा, कॅल्शियम आठवड्यातून एकदा मोजलं तरी चालतं. सध्याचं ३६० मात्र वेगळं भरून काढावं लागेल. मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी जागेवर आल्यावर दिवसाला २० पीपीएमपेक्षा जास्त नाही, या बेताने.

आता पीएच. एक सोपी चाचणी करा. ग्लासभर टाकीचं पाणी खिडकीबाहेर ठेवून त्यात तासभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालवा आणि पीएच मोजा. मग तसाच दुसरा ग्लास टाकीच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून. बाहेरचं पाणी ८.२ वर गेलं आणि आतलं ७.९ ला अडकलं, तर दोष टाकीचा नाही, खोलीतल्या हवेचा आहे. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच पाण्यात उतरतो. अशा वेळी स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ काढणारं यंत्र) हवा घेणारी नळी खिडकीबाहेर काढली की बऱ्याचदा काम होतं. सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) शेवाळ वाढवून त्याचा दिवा रात्री चालू ठेवला, तरी पहाटेची घसरण कमी होते.

कॅल्कवासर, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं निवळ पाणी, मला या कामासाठी मनापासून आवडतं. ते कार्बन डायऑक्साइड खातं आणि कॅल्शियम, अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात देतं. पण तुमची अल्कलिनिटी उतरेपर्यंत थांबा. लिटरला दीड ग्रॅम भुकटी, वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं आणि रात्री थेंबथेंब सोडायचं. त्याचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे डोळे आणि हात सांभाळा.

पांढऱ्या टोकांबद्दल. अल्कलिनिटी चढलेली आणि पोषण (नायट्रेट, फॉस्फेट) शून्य, अशा टाक्यांत ॲक्रोपोराची टोकं जळलेली वारंवार दिसतात. फॉस्फेट शोषणारं काही लावलं असेल तर काढा आणि माशांना थोडं जास्त खायला द्या. नायट्रेट ५ पीपीएमच्या आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास असू द्या. दोन्ही शून्यावर राहिले तर डायनोफ्लॅजेलेट्सचा (सूक्ष्म एकपेशीय जीवांचा) तपकिरी चिकट थर येण्याचा धोकाही असतो, आणि तो घालवणं फार जिकिरीचं काम आहे.

हीटरवरचा थर काढायचा तर प्लग काढा, हीटर पूर्ण थंड होऊ द्या, मग टाकीबाहेर पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि धुऊन परत लावा. वाळूचे गोळे मोठे असतील तर उचलून काढा, फोडून वाळू ढवळत बसू नका. मॅग्नेशियमचं रीडिंग आणि दोन्ही ग्लासांचे पीएच इथेच कमेंटमध्ये लिहा, म्हणजे डोसचा आकडा नक्की करू.