हेपॅटायटिस सी आहे आणि सुई सुटत नाही. आधी उपचार कशावर करायचे?

तुम्ही लिहिलंय की नवरा अजून अधूनमधून नशेची सुई घेतो, हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलाय, झोप उडालीय, मध्येच मरणाच्या गोष्टी करतो. आणि डॉक्टर म्हणतात, सहा महिने क्लीन राहू दे, मग यकृताचं बघू.

मरणाच्या गोष्टी करतो, त्याचं आजच बघा. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि रात्री-अपरात्री काही वाटलं तर 14416 वर टेली-मानसला फोन करा. यकृतासाठी डॉक्टर बदला. व्यसन सुटेपर्यंत हेपॅटायटिस सीचं औषध थांबवायला आज वैद्यकीय कारण उरलेलं नाही.

हे मी इतकं ठासून लिहितेय कारण आमच्या घरात यावरून माणसं तुटलीत.

माझा धाकटा भाऊ रात्रीचा टेम्पो चालवायचा. ब्राऊन शुगर आधी पन्नीवर ओढायचा, पुढे सुईवर गेला. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून छातीत धडधड, हातपाय गार पडणं, दिवसच्या दिवस कोणाशी न बोलणं हे सगळं होतं. त्याला कोणी आजार म्हटलं नाही. नशेने त्याला पहिल्यांदा शांत झोप लागली, हे त्याने मला स्वतः सांगितलंय. मामांना हे पटायचं नाही. त्यांच्या मते आधी गर्दुल्ला झाला, मग डोकं फिरलं. खर्च तेच करत होते, त्यामुळे निर्णयही त्यांचाच. त्यांनी त्याला एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. तिथे पहिल्याच दिवशी त्याच्या डिप्रेशनच्या गोळ्या काढून घेतल्या, म्हणे ‘हीसुद्धा नशाच’. टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागलेली, त्यात गोळ्या अचानक बंद. त्या अवस्थेत त्याने काय करून घ्यायचा प्रयत्न केला ते इथे लिहीत नाही. व्यसनातून येणारे मानसिक त्रास मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे उपचार हा त्याचा हक्क होता. व्यसनमुक्ती केंद्रांवर माझा सरसकट राग नाही; ब्राऊन शुगरच्या लाटेत 1986 साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं, त्याने असंख्य घरं वाचवली. पण मानसोपचारतज्ज्ञाला न विचारता गोळ्या काढून घेणाऱ्या केंद्रात माणूस ठेवू नका.

तिथून सुटल्यावर तपासणीत हेपॅटायटिस सी निघाला. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं. मामा खूश. ‘बघ, डॉक्टरही तेच म्हणतात. सोडणार नसेल तर औषध वाया घालवायचं कशाला?’

ही अट आली कुठून ते समजून घ्या. जुना उपचार इंटरफेरॉनचा होता. 24 ते 48 आठवडे इंजेक्शनं, सतत ताप-कणकण, आणि चांगल्या धडधाकट माणसालाही डिप्रेशनमध्ये ढकलू शकणारं औषध. त्यामुळे व्यसनी आणि मनाने आधीच खचलेल्या रुग्णाला डॉक्टर हात लावायला घाबरायचे, आणि ती भीती त्या काळी अगदीच चुकीची नव्हती. आता सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या असतात, रोज एकदा, बहुतेकांना 12 आठवडे, आणि 100 पैकी नव्वदहून जास्त माणसं बरी होतात. औषध बदललं, अट मात्र तशीच राहिली. 2018 मध्ये ‘सिम्प्लिफाय’ नावाचा सात देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मागच्या सहा महिन्यांत सुई घेतलेलीच 103 माणसं घेतली होती, त्यांना याच प्रकारच्या सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिरच्या गोळ्या दिल्या, 97 जणांच्या रक्तातून विषाणू गेला. मामांना मी हे वाचून दाखवलं होतं. ‘परदेशातलं सांगू नकोस,’ म्हणाले. मग इथलं घ्या: आपल्याकडे 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत. सुई घेणारे लोक त्या कार्यक्रमाने जास्त जोखमीचे म्हणून मुद्दाम धरलेत. एम्सच्या 2019 च्या सर्वेक्षणात देशात असे साधारण साडेआठ लाख लोक असल्याचा अंदाज आहे. ते क्लीन होईपर्यंत थांबायचं, तर विषाणू एका सुईतून दुसऱ्या सुईत फिरतच राहणार. जो बरा झाला, त्याच्याकडून पुढच्याला लागण होत नाही. एवढा साधा हिशेब आहे.

भावाला शेवटी ओएसटी केंद्रावरच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या जागी देखरेखीखाली बदली औषध देतात त्या केंद्रावरच्या दीदींनी मार्ग दाखवला. जिभेखाली बुप्रेनॉर्फीन घ्यायला तो रोज तिथे जायचाच. मानसोपचाराच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि हेपॅटायटिसच्याही त्याच सुमारास. मधे घसरलाही. पण गोळ्या चुकवल्या नाहीत, आणि उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. बुप्रेनॉर्फीन अजून चालू आहे. ‘म्हणजे सुटलं कुठे?’ हा मामांचा प्रश्नही चालूच आहे. यकृत वाचलं, रात्री झोपतो, कामावर जातो. मला हे पुरेसं आहे, मामांना नसेल तर नसो.

आता थोडं सावधगिरीचं, कारण वरचं वाचून तुम्ही उद्याच धावाल. नुसती अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहेच असं नाही. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो. रक्तात विषाणू खरंच आहे का हे बघणारी आरएनए म्हणजे व्हायरल लोडची तपासणी लागते. उपचाराआधी हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही दोन्ही बघायला सांगा, कारण सीचं औषध सुरू झाल्यावर दबलेला बी उसळू शकतो. यकृताला सिरोसिस असेल, म्हणजे ते व्रण पडून कडक झालं असेल, तर औषध आणि मुदत बदलू शकते. टीबीची रिफाम्पिसिन, फिट्सची कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइन चालू असेल तर आधीच सांगा. कार्बामाझेपीन कधीकधी मूडसाठीही देतात, त्यामुळे मानसोपचाराची चिठ्ठी सोबत न्या. दारू बंदच. बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, सीची लस नाही, म्हणून नवी सुई-सिरिंज मिळते त्या केंद्राशी नातं तोडू नका. फक्त सुई नाही, द्रावण करायची वाटी, कापूस, पाणी यांतूनही पसरतो. अशा केंद्रांना 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा तिथे जायला घाबरू नका.

झोपेच्या गोळीचं मी सांगणार नाही. बुप्रेनॉर्फीनसोबत तसल्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. ते ओएसटीच्या डॉक्टरांनाच विचारा, मेडिकलवाल्याला नको. आणि जिल्हा रुग्णालयात गेलात की हेपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे बसतं ते विचारा. पुन्हा कोणी सहा महिन्यांची अट घातली तर कार्यक्रमाच्या कुठल्या सूचनेत ती लिहिलीय ते दाखवा म्हणा, आणि नकार केसपेपरवर लिहून मागा.