सॅक्स : खंजीर, चाकू की सुरी?

प्रश्न असा आहे : पाचव्या ते सातव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या दफनांत मृताच्या कमरेपाशी लोखंडी पातं सापडतं. मराठीत त्याला खंजीर म्हणावं, कट्यार म्हणावं की चाकू?

मी सुरी म्हणेन. खंजीर, कट्यार म्हटलं की दुधारी हत्यार आणि झटापट डोळ्यांपुढे येते. इथे धार एकाच अंगाला, आणि ही वस्तू बायकामुलांच्या दफनांतही सर्रास मिळते. मातीतून निघतो तो बोटभर गंजलेला तुकडा. मूठ लाकडाची किंवा शिंगाची, ती केव्हाच कुजलेली. पण पात्याचा निमुळता भाग मुठीत जिथे ठोकलेला होता, तिथल्या गंजात कधीकधी लाकडाचे तंतू जसेच्या तसे उमटलेले दिसतात. चाकू अगदीच चूक नाही, पण चाकू म्हटलं की पुष्कळांना मिटणारा आठवतो. हे पातं मिटत नसे, चामड्याच्या म्यानात असे.

आता मूळ शब्द. ज्यांच्या कमरेला ही सुरी होती ते तिला ‘नाइफ’ म्हणत नव्हते. तो शब्द नंतर नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतून आला. त्यांचा शब्द ‘सॅक्स’. सॅक्सन हे नावही त्यावरूनच पडलं असं मानतात. चाकूला जर्मनमध्ये ‘मेसर’ म्हणतात, त्यातही तोच दडलाय : मूळ अर्थ ‘अन्नाची सुरी’. जुन्या इंग्रजीत वस्तऱ्यालाही ‘शेअरसॅक्स’ म्हणत. आपल्या सुरीचं मूळही क्षुर, म्हणजे वस्तराच! हे पाहून मला फार आनंद झाला.

सॅक्स एवढ्याशा पात्यालाही म्हणत आणि हातभर पात्यालाही. मराठीत मात्र लिंग बदललं की आकार बदलतो : सुरी, सुरा. हे इथे फार उपयोगी पडतं. पुरातत्त्वज्ञ हाइनरिश हेर्के यांनी १९८९मध्ये दाखवलं की पात्याची लांबी वयाप्रमाणे वाढते. मुलांबरोबर आखूड पाती, आणि साधारण १३ सेंमीपेक्षा लांब पाती फक्त प्रौढ पुरुषांबरोबर. त्या लांब पात्यांना खुशाल सुरा म्हणा, बाकी सगळ्या सुऱ्या.

१८५७ साली लंडनच्या बॅटरसीजवळ थेम्स नदीत सापडलेलं, रून या जुन्या जर्मानिक लिपीतली अख्खी वर्णमाला कोरलेलं पातं मात्र वेगळं. मुठीत जाणाऱ्या भागासकट ते ७२ सेंमी भरतं. तिथे सुराही तोकडा पडतो; सरळ ‘सॅक्स’च लिहा.