राज्य, राज्यसंस्था, शासन, सरकार: प्रबंधात नेमकं काय लिहावं?

विट्याकडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "कृष्णा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीवर मी पीएच.डी. करतेय. शीर्षकात 'पाणी चळवळ आणि राज्य' असं लिहिलं होतं. गाईडनी 'राज्य' खोडून 'राज्यसंस्था' केलं. सादरीकरणाच्या वेळी समितीतले एक सर म्हणाले, 'शासन' लिहा, सुटसुटीत होईल. तिन्हींचा अर्थ एकच ना? मग बरोबर कुठला?"

मॅडम, अर्थ एक नाही, आणि तुमच्या विषयात तर मुळीच नाही. गाईडनी खोडलं ते योग्य केलं.

साताऱ्यात मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवलं. 'राज्याचे चार घटक: लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व' हे फळ्यावर लिहून झालं, की दर वर्षी कुणीतरी हात वर करायचंच. मेढ्याकडून एसटीनं येणाऱ्या एका मुलानं विचारलेलं अजून आठवतं: "सर, महाराष्ट्र राज्य आहे. मग महाराष्ट्राला सार्वभौमत्व आहे का?" वर्ग हसला, पण पोरगा बरोबर होता. मी फळ्यावरचं 'राज्याचे' पुसलं आणि 'राज्यसंस्थेचे' लिहिलं. तेव्हापासून वर्गात नुसतं 'राज्य' म्हणणं सोडलं.

एकाच 'राज्य' शब्दात सार्वभौम सत्ता आणि महाराष्ट्रासारखं भारतातलं घटकराज्य असे दोन अर्थ येण्याचा हा घोळ तसा फार जुना नाही. १९५० पर्यंत मुंबई हा 'प्रांत' होता, त्याआधीच्या पिढीच्या तोंडी 'इलाखा'. राज्यघटना लागू झाली आणि प्रांतांची 'राज्यं' झाली. तोवर 'राज्य' म्हटलं की शिवाजी महाराजांचं राज्य, पेशव्यांचं राज्य, इंग्रजांचं राज्य एवढंच डोळ्यांसमोर यायचं. शास्त्राला 'राज्यशास्त्र' हे नाव शोभतं ते या जुन्या, मोठ्या अर्थानं, म्हणून ते बदलायची काहीच गरज नाही. इंग्रजीत लिहिणारे मोठ्या अर्थासाठी कधी 'स्टेट'चं पहिलं अक्षर मोठं काढून वेळ मारून नेतात. देवनागरीत ती सोय नाही, आपल्याला शब्दच वेगळा लागतो.

आपल्या भागात तर 'स्टेट' या एकाच शब्दासाठी आणखी एक शब्द नांदत होता, 'संस्थान'. सांगली संस्थान, औंध संस्थान, फलटण, जत, मिरज. आज 'सांगली स्टेट'चं भाषांतर कुणी 'सांगली राज्य' केलं, तर इथला म्हातारा माणूस गोंधळून जाईल.

आता फरक कसा ओळखायचा? मी व्याख्या पाठ करून घेत नाही, क्रियापद लावून बघायला सांगतो. सरकार येतं, पडतं, पाडलं जातं. शासन पडत नाही. शासन निर्णय घेतं, परिपत्रक काढतं, अनुदान थकवतं. मंत्रिमंडळ बदललं तरी 'शासन निर्णय' या मथळ्याखाली कागद निघतच राहतात. राज्य येतं, जातं, बुडतं. साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं, ते 'पडलं' असं कुणी म्हणत नाही. नेहमीच्या बोलण्यातली ही क्रियापदं तुमच्या आजीलाही ठाऊक असतात, आणि ती चुकत नाहीत. सरकार म्हणजे आज सत्तेवर असलेली माणसं. शासन म्हणजे चालू असलेली यंत्रणा. राज्य म्हणजे ज्याच्या अधिकारावर ही दोन्ही उभी असतात, ते; घोळ टाळायला प्रबंधात त्यालाच 'राज्यसंस्था' म्हणायचं.

लपाछपीतही 'राज्य' असतं. 'तुझ्यावर राज्य' म्हटलं की सगळ्यांना हुडकायची जबाबदारी त्या एकावर. शब्दाचा हा वापर मला फार प्रिय आहे. राज्य म्हणजे अंगावर आलेलं काम, हे मुलं खेळता खेळता सांगून जातात.

'राज्यसंस्था' या शब्दावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. आपल्याकडे 'संस्था' म्हटलं की पहिल्यांदा शिक्षण संस्था आठवते, नाहीतर दूध संस्था, सोसायटी. 'संस्थेची माणसं आली होती' याचा अर्थ कऱ्हाडात काय आणि इस्लामपुरात काय, वेगळा सांगावा लागत नाही. म्हणून विद्यार्थ्याला 'राज्यसंस्था' ही कुठली तरी नोंदणीकृत संस्था वाटते. आक्षेप खरा आहे. पण विवाहसंस्था, कुटुंबसंस्था हे शब्द त्याच विद्यार्थ्याला बारावीच्या समाजशास्त्रामुळे कळतात. ती जोडी एकदा दाखवली की अडचण सुटते.

तरीही कळलं नाही, तर मी त्याला कुंडलला नेतो. कुंडल औंध संस्थानात होतं, आजूबाजूला इंग्रजांचा मुलूख. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यात इंग्रजांच्या कारभाराला समांतर असं प्रतिसरकार चाललं. कुंडल आज ज्यात आहे तो सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. प्रतिसरकारनं गावोगावचे तंटे सोडवले, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, स्वयंसेवकांची तुफान सेना उभी केली, कमी खर्चाची लग्नं लावली. लोकांनी त्याला 'पत्री सरकार' म्हटलं. कुणी सांगतं 'प्रति'चं 'पत्री' झालं, कुणी सांगतं खबऱ्यांच्या तळपायाला पत्र्या ठोकत म्हणून. दोन्ही आठवणी लोकांनी जपल्या आहेत.

लक्षात घ्या, नाव 'प्रतिसरकार' पडलं, 'प्रतिराज्य' नाही. समोर 'इंग्रज सरकार' होतं, म्हणून त्याला उत्तर म्हणून सरकारच. पण त्यांनी जे चालवलं ते पाहिलं, तर न्याय देणं, शिक्षा करणं, गावाची सुरक्षितता हातात घेणं ही राज्यसंस्थेची कामं होती. एका घरात बसून माणूस संस्थानची प्रजा होता, शिवेपलीकडे इंग्रज सरकारचा अंमल होता आणि भांडण झालं की तो प्रतिसरकारच्या न्यायमंडळाकडे जात होता. त्याच्यावर नेमकी सत्ता कुणाची, हा प्रश्न 'सरकार' या शब्दात मावत नाही. 'राज्यसंस्था' हा शब्द त्यासाठी लागतो.

आता तुमच्या प्रबंधाकडे येतो. त्यात हे चारही शब्द लागणार आहेत, फक्त प्रत्येकाची जागा ठरवा. कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवायला नेमलेल्या बच्छावत लवादानं त्यातले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकला आणि ८०० तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशला दिले, ते लिहिताना 'राज्य'. तिथं दुसरा शब्द चालणारच नाही, आणि म्हणूनच बाकी प्रकरणांत नुसतं 'राज्य' लिहू नका. एका पानावर 'राज्यांमधला पाणीतंटा' आणि पुढच्या पानावर 'राज्य आणि चळवळ' आलं, की वाचणारा अडखळतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे आदेश, पाणीपट्टी, वीजबिल, पाटबंधारे खातं याबद्दल लिहिताना 'शासन'. अमुक मुख्यमंत्र्यांच्या काळात मागणी मान्य झाली की नाही, हे लिहिताना 'सरकार'. आणि आटपाडीच्या पाणी परिषदांमधून १९९३ पासून जो प्रश्न पुढे आला, की भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाला पाणी का मिळू नये, पाण्यावर हक्क कुणाचा आणि तो ठरवणार कोण, तिथं 'राज्यसंस्था'. तुमचा प्रबंध मुळात याच प्रश्नाभोवती असेल, तर शीर्षकातही हाच शब्द हवा. समितीतल्या सरांचा 'शासन' घेतलात, तर प्रबंध खात्याच्या कारभारावरचा वाटेल.

एक अपवाद सांभाळा. राज्यघटनेच्या अधिकृत मराठी पाठात अनुच्छेद १२ मध्ये 'राज्य' हाच शब्द आहे, आणि त्यात संसदेपासून स्थानिक प्राधिकरणांपर्यंत सगळं येतं. 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे' हेही तसंच. उद्धृत करताना ते जसंच्या तसं ठेवा. अवतरणात 'संस्था' घुसडू नका. फार तर पहिल्या प्रकरणात एक वाक्य लिहून फरक सांगा.

आणि मुलाखती. जत, आटपाडीचा शेतकरी तुम्हाला 'राज्यसंस्था' म्हणणार नाही. तो म्हणेल, "सरकारनं पाणी सोडलं न्हाई." ते 'सरकार' म्हणजे कधी कलेक्टर असेल, कधी पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी, कधी मुंबईतलं मंत्रिमंडळ. त्याचं वाक्य शुद्ध करू नका, शब्द बदलू नका. त्या ठिकाणी 'सरकार' म्हणजे त्याला नेमकं कोण अभिप्रेत होतं, हे त्यालाच विचारा आणि खाली टीप म्हणून लिहा.